सतरा नंबरची पेशंट बरी होऊन घरी गेली

रविवारची सकाळ होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताप चढत-उतरत होता. म्हणजे कुणाच्या अंगात नव्हे, कागदावर.

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या ट्यूटरबाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा आणि तीन रंगांची पेनं. रुग्णाच्या खाटेच्या पायाशी टांगतात ना, ताप, नाडी, श्वास, बीपी लिहिलेला कागद, तेच हे तक्ते. नवरा एका हातात चहाचा कप धरून मनाला येतील ते आकडे सांगत होता.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नाडी बहात्तर. श्वास अठरा."

"अहो, सगळ्यांनाच बहात्तर काय वाटत सुटलात? थोडं इकडं तिकडं करा."

"बरं, याला शहात्तर घे. चार जास्त गेले तर आपल्या बापाचं काय जातंय?"

सासूबाई खिडकीशी भाजी निवडत होत्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी एक तक्ता उचलला. "अगं, या सव्वीस नंबरवाल्याला काल एकशे तीन ताप होता. आज एकदम उतरवलास? जरा दमानं उतरव. कमिटीला वाटेल, यांनी डॉक्टर नाही, जादूगार ठेवलेत."

तिघंही हसली. सव्वीस नंबरची खाट होती. तिच्यावर माणूस नव्हता. गेल्या तीन आठवड्यांचे आणि खबरदारी म्हणून पुढच्या पाच दिवसांचे साठ खाटांचे तक्ते त्या टेबलावर तयार होत होते, आणि घरात वातावरण होतं सहलीच्या तयारीचं. कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरी मेख तिथेच आहे, वाचकहो. पाप करताना माणसाचा हात थरथरतो असं आपण समजतो. कसला थरथरतोय! चहा पीत पीत, थट्टामस्करी करत, चांगली माणसंसुद्धा सुबक अक्षरात खोटं लिहितात, कारण सगळेच लिहितात.

भानगड अशी होती. कॉलेजांना दर पाच वर्षांनी मानांकन घ्यावं लागतं. मानांकन मंडळाची तीन माणसांची कमिटी दोन दिवस येते, फायली बघते, इमारत बघते आणि दर्जा ठरवते. तो दर्जा कॉलेजच्या फाटकावर लागतो आणि तो वाचून आईबाप आपल्या मुली तिथे घालतात. कमिटी येण्याची तारीख दोन महिने आधी कळते. दोन महिन्यांत माणूस काय वाट्टेल ते उभं करू शकतो, फक्त शिक्षण तेवढं उभं करता येत नाही.

या कॉलेजला साठ खाटांचं रुग्णालय जोडलेलं होतं. इमारत होती, खाटा होत्या, दारांवर पाट्याही होत्या. आजारी माणसं मात्र नव्हती, कारण डॉक्टर नव्हते. दोघं जण सकाळी तासभर येऊन जात आणि बाकीच्यांची नुसती नावं फळ्यावर होती. मुली तीन वर्षं शिकत त्या एका रबरी बाहुलीवर, आणि ती बाहुलीही वर्षभर कपाटात कुलूपबंद, कारण कमिटीच्या आधी तिचा हात निखळला तर? मुलींच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या मात्र गच्च भरलेल्या. दोनशे वेळा नाडी मोजली, ऐंशी इंजेक्शनं दिली, तीस जखमा बांधल्या. एकीची वही पाहून दुसरीनं उतरवलेलं, आणि प्रत्येक पानाखाली ट्यूटरबाईंची सही.

ट्यूटरबाई काही पहिल्यापासून अशा नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वी त्या एका मोठ्या सरकारी इस्पितळातून इथे आल्या, तेव्हा त्यांच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत. पहिल्याच महिन्यात त्या प्राचार्यांकडे गेल्या होत्या. "सर, मुलींना त्या इस्पितळात घेऊन जाते. आठवड्यातून दोन दिवस. माणसाला हात लावल्याशिवाय हे काम येत नाही." प्राचार्य म्हणाले, "उत्तम कल्पना आहे. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष अकरा वेळा येऊन गेलं. दर वर्षी नवा करार, दर वर्षी ठेवतील का काढतील याची धाकधूक. या खेपेला प्राचार्यांनी शब्द दिला होता, "वरचा दर्जा आला की तुम्हाला कायम करतो." म्हणून रविवार असूनही बाई तक्ते भरत बसल्या होत्या.

"आणि माणसं?" नवऱ्यानं विचारलं. "तक्ते झाले, पण खाटांवर झोपणार कोण?"

"प्रत्येक कर्मचाऱ्यानं दोन माणसं आणायची. वॉचमनचं सगळं खानदान येतंय. कुणाचा मेव्हणा, कुणाची वहिनी. मला अजून कुणी मिळालं नाही."

"का? मी काय मेले का?" सासूबाई म्हणाल्या. "या घरात आल्यापासून मला कुणी दिवसभर आडवं पडू दिलेलं नाही. मी येते. काय झालंय मला?"

"सतरा नंबर. पोटाचं ऑपरेशन, चौथा दिवस, प्रकृती सुधारतेय."

सासूबाईंनी लगेच पोट धरून असं काही विव्हळून दाखवलं की नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. "आई, ऑपरेशन पोटाचं आहे. तू तर जुळ्यांना जन्म देतेस!" पुन्हा हशा पिकला. भाजीची परडी घेऊन सासूबाई उठल्या आणि उठता उठता टेबलाला धरून क्षणभर थांबल्या. छातीवर हात ठेवून दोन लांब श्वास घेतले.

"काय होतंय, आई?"

"काही नाही गं. चार दिवस झाले, जिना चढले की दम लागतो. वय झालं."

"कमिटी गेली की बीपी बघते तुमचं. यंत्रं सगळी पुसून काचेच्या कपाटात मांडलीत हो, आत्ता हात लावू देत नाहीत."

"बघ सावकाश. मी कुठं पळून चाललेय?"

बाईंनी पुढचा तक्ता ओढला आणि सतरा नंबरच्या खाटेसाठी बीपी लिहिलं, एकशे वीस, ऐंशी. जिच्यासाठी लिहिलं ती बाई तीन फुटांवर उभी होती. तिचं खरं बीपी बघायला वेळ नव्हता.

कमिटी आली मंगळवारी. सकाळी सात वाजल्यापासून रुग्णालय ओसंडून वाहत होतं. साठपैकी सत्तावन्न खाटा भरल्या होत्या. कुणाच्या धडधाकट पायाला प्लास्टर, कुणाच्या हाताला नुसती चिकटवलेली सलाइनची नळी. सगळ्यांना ताकीद होती, मोबाइल नको, डबा नको, पिशवी नको. सासूबाईंच्या पिशवीत त्यांच्या रोजच्या गोळ्या होत्या. पिशवी खाली वॉचमनच्या खोलीत गेली.

सतरा नंबरजवळ तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी केली होती. उंच आणि काडीसारखी, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणत. वर्गात पहिली यायची. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्तवाहिन्या, झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. तिनं सासूबाईंच्या उशा नीट केल्या, पांघरूण सारखं केलं. दोघींची तेवढ्यात गट्टी जमली.

"पोरी, तुझं लग्न ठरलं का?"

"आजी, आधी परीक्षा."

"परीक्षा काय, पास होशीलच. मला बघ, या वयात आजारी पडायची परीक्षा द्यायला लावलीय."

कमिटी दहाला वर यायची होती. पण प्राचार्यांचं स्वागताचं भाषण, मग चहा, मग फायली. साडेअकरा वाजले तरी कमिटी खालच्याच मजल्यावर. ट्यूटरबाई कमिटीबरोबर होत्या. एकेक फाइल उघडून दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं.

वर सासूबाईंचा चेहरा उतरला होता. "पोरी, छातीत भरून आल्यासारखं होतंय गं. पाठीतपण कळ येतेय."

पेन्सिल हसली आणि खाली वाकून कानात म्हणाली, "आजी, तुमचं पोटाचं ऑपरेशन आहे. छातीचं नाही."

हे वाचून त्या मुलीला शिव्या घालू नका. तिनं छातीत दुखणारा माणूस आयुष्यात पाहिलाच नव्हता. त्या वॉर्डात सकाळपासून छप्पन्न माणसं कण्हत होती आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं. सत्तावन्नावं कण्हणं खरं आहे हे तिनं ओळखायचं कशावरून?

सासूबाईंना दरदरून घाम फुटला तेव्हा मात्र ती घाबरली. नेमकी तेव्हाच कमिटी वॉर्डात शिरली. पुढे अध्यक्षबाई, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात फॉर्म. मागे दोन प्राध्यापक, प्राचार्य आणि ट्यूटरबाई. पेन्सिल भिंतीकडेनं येऊन ट्यूटरबाईंच्या कानाशी लागली. "मॅडम, सतरा नंबरच्या आजी कसंतरीच करतायत. घाम आलाय."

ट्यूटरबाईंनी मान वर करून लांबून पाहिलं. सासूबाई डोळे मिटून कण्हत होत्या. रविवारी स्वयंपाकघरात कण्हल्या होत्या, अगदी तशाच. तरी बाईंचं पाऊल पुढे पडलं. पण अध्यक्षबाई बारा नंबरशी थांबून काहीतरी लिहीत होत्या आणि प्राचार्यांची नजर बाईंवर रोखलेली होती. अकरा वर्षांची नोकरी त्या नजरेत होती.

"नाडी बघ," बाई पुटपुटल्या. "लगेच. आणि मला खूण कर."

पेन्सिल गेली. मनगट धरलं. घड्याळाकडे बघत मिनिटभर उभी राहिली. मग लांबूनच ओठ हलवले. बहात्तर.

बाईंच्या जिवात जीव आला. बहात्तर म्हणजे उत्तम. तक्त्यावरही बहात्तरच होतं.

कमिटी सतरा नंबरशी पोचली तोवर कण्हणं थांबलं होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "या कशा आहेत?"

"पोटाचं ऑपरेशन, मॅडम, चौथा दिवस. झोप लागलीय त्यांना," ट्यूटरबाई म्हणाल्या. त्यांनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, त्या अध्यक्षबाईंच्या पेनाकडे पाहत होत्या. ज्या बाईला कधीकाळी दारातून नुसता रुग्णाच्या ओठांचा रंग पाहून कळायचं, ती दोन हातांवर उभी होती आणि तिनं बघितलं नाही!

अध्यक्षबाईंनी तक्ता उलटसुलट केला. "तक्ते छान ठेवलेत," म्हणाल्या आणि अठरा नंबरकडे वळल्या.

कमिटी जेवायला खाली गेल्यावर ट्यूटरबाई जवळजवळ धावतच परत आल्या. "आई, उठा, झाली तुमची परीक्षा," असं म्हणत त्यांनी हात धरला. तो हात गार होता.

त्यांनी पांघरूण भिरकावलं, खाटेवर चढून छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. "ऑक्सिजन आणा! कुणीतरी ऑक्सिजन आणा!" वॉचमननं सिलिंडर ढकलत आणला. नवा कोरा काळापांढरा रंग, चकचकीत. आत हवा नव्हती. "डॉक्टरांना बोलवा!" डॉक्टर खाली कमिटीबरोबर जेवत होते. आणि तेवढ्यात वॉर्डातले सगळे आजारी उठले. पायाला प्लास्टर असलेला माणूस पळत आला. सलाइनवाल्या बाईनं नळी उपटून फेकली आणि पाणी आणलं. छप्पन्न धडधाकट माणसं त्या खाटेभोवती उभी होती. जी एकटी खरी आजारी होती, ती गेली होती.

प्राचार्य वर आले. पहिलं काम त्यांनी काय केलं असेल? वॉर्डाचं दार लावून घेतलं.

"हळू. कमिटी खालीच आहे." मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी सख्ख्या भावासारखे, म्हणाले, "फार वाईट झालं. पण आता डोकं शांत ठेवा. तुमच्या सासूबाई इथं आल्याच नव्हत्या. गेल्या त्या घरीच. दाखला डॉक्टर देतील. सतरा नंबरवर कागदोपत्री वेगळंच नाव आहे, ती पेशंट आज संध्याकाळी बरी होऊन घरी जातेय. आणि तुमच्या कायमच्या ऑर्डरवर मी उद्याच सही करतो."

बाईंना काही ऐकूच येत नव्हतं. मागच्या दारानं अँब्युलन्स निघाली. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. घरी आलेल्या लोकांना नवरा एकच वाक्य सांगत होता, "सकाळी हसत गेली हो. हसत गेली." बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बहात्तर होती, बहात्तर होती, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पेन्सिल दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, अंगावर कालचाच गणवेश.

"मॅडम, मी खरंच मोजली होती हो. शप्पथ. बहात्तर लागली. नीट लागत होती, अगदी ठळक. मग असं कसं झालं?"

"ये. बस." बाईंनी आपला हात पुढे केला. "कशी मोजलीस, दाखव मला."

मुलीनं त्यांचं मनगट हातात घेतलं आणि नाडीच्या जागी अंगठा दाबून धरला.

बाई त्या अंगठ्याकडे बघतच राहिल्या. नाडी अंगठ्यानं मोजत नाहीत. अंगठ्यात आपली स्वतःची नाडी उडते. दुसऱ्याच्या हातावर अंगठा ठेवला तर आपलेच ठोके आपल्याला लागतात. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या रुग्णाच्या खाटेशी शिकवायची गोष्ट. हातावर चापट मारून शिकवायची गोष्ट. पण खाटेवर रुग्णच नव्हता, तर चापट कुणी आणि कधी मारायची?

"ती बहात्तर तुझी होती गं," बाई म्हणाल्या. "तू तुझीच नाडी मोजलीस."

मुलीला कळायला एक क्षण लागला. मग तिनं हात असा मागे ओढला की जणू भाजलाच. तोंडावर ओढणी दाबून ती हमसून हमसून रडायला लागली. "मी मारलं आजींना."

"तू नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या वहीत दोनशे वेळा नाडी मोजली असं लिहिलंय. दोनशे वेळा खाली माझी सही आहे. मी मारलं. मी!"

आतल्या खोलीच्या दारात नवरा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाईंनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. कमिटी, खूण, 'झोप लागलीय' असं म्हटलं तेही सांगितलं. बाईंनी चप्पल पायात सरकवली, तेव्हा तो म्हणाला, "कॉलेजात चाललीस ना? जा, सगळं सांग. पण परत आलीस की मला सांग, तू तिच्या तोंडाकडे एकदासुद्धा का बघितलं नाहीस. ती तुला मुलगी म्हणायची."

बाई पेन्सिलला घेऊन निघाल्या.

कॉलेजच्या सभागृहात अकराला समारोप होता. तीनशे मुली, सगळे कर्मचारी, व्यासपीठावर कमिटी. अध्यक्षबाई वाचत होत्या, "रुग्णांची निगा समाधानकारक. नोंदी नियमित व सुवाच्य. विद्यार्थिनींना प्रात्यक्षिकाची भरपूर संधी..."

"खोटं आहे," मागून आवाज आला.

तीनशे माना वळल्या. ट्यूटरबाई पेन्सिलचा हात धरून मधल्या वाटेनं पुढे येत होत्या. प्राचार्य झटकन माइकपाशी गेले. "आमच्या या भगिनींच्या घरी कालच दुःखद घटना घडलीय. त्यांच्या मनावर परिणाम झालाय. कृपया त्यांना कुणीतरी..."

"दुःखद घटना घरी नाही, सतरा नंबरच्या खाटेवर घडली," बाई म्हणाल्या. "माझी सासू होती ती. तुम्ही तिच्यासमोर उभ्या होतात, मॅडम. तुम्ही तक्ता वाचलात, मी तुमचं पेन वाचलं. आणि ती मरत होती."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "काही पुरावा आहे?"

"कुठलाही तक्ता मागवा. आज बुधवार. त्यांवर परवाच्या शुक्रवारचा ताप लिहिलेला आहे. अक्षर माझं आहे."

तक्ते आले. खरंच होतं. अध्यक्षबाई उठल्या आणि बाईंना शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावून खुर्चीत बसल्या तेव्हा एकदम फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मी आजवर चाळीस कॉलेजं तपासली. खाटेवरचा माणूस आजारी आहे की झोपवलेला, ते मला दारातूनच कळतं. नव्याकोऱ्या चादरी, सगळ्यांच्या पायांना बाहेरची धूळ. पण माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही. रकाना आहे, तक्ते आहेत का? हो किंवा नाही. तक्ते असतात. मी हो लिहिते."

"कळतं तरी लिहिता?"

"पहिल्या दोन वेळा नाही लिहिलं. कॉलेजांनी अपील केलं, कागद दाखवले, जिंकले. मग मी लिहायला लागले."

"मग येऊ नका ना तारीख सांगून!" बाई ओरडल्याच. "न सांगता या. फायली बघू नका. एका मुलीला आजारी माणसाजवळ उभं करा आणि म्हणा, मोज नाडी. पाच मिनिटांत तुम्हाला कॉलेज कळेल. दोन दिवस कशाला हवेत? छापील फॉर्म कशाला हवा?"

अध्यक्षबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "सगळं लिहून द्या. 'इतर शेरा' म्हणून मी अहवालाला जोडते, तेवढं माझ्या हातात आहे. पण एक समजून घ्या. यावर सही केलीत की नर्सांच्या सरकारी यादीतून पहिलं नाव तुमचंच कापलं जाईल. परत कुठल्या इस्पितळात पाऊल टाकता येणार नाही."

बाईंनी दीड पान लिहिलं आणि खाली सही केली. अकरा वर्षांत केलेली ही त्यांची पहिली खरी सही होती.

पुढे जे झालं ते ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. दीड महिन्यात ट्यूटरबाईंची नर्स म्हणून असलेली नोंदणी रद्द झाली. नोंदणीचं मंडळ एरवी गोगलगायीच्या चालीनं चालतं, पण इथे त्याला पंख फुटले. कॉलेजकडून खुलासा मागवला गेला. कॉलेजनं कळवलं, "नोंदींत गैरप्रकार करणाऱ्या कर्मचाऱ्यास सेवेतून कमी केले असून त्रुटी दूर करण्यात आली आहे." त्रुटी म्हणजे बाई. ती दूर झाल्यावर कागद पुन्हा स्वच्छ झाले आणि अपिलात वरचा दर्जा मिळाला. पेन्सिल शेवटच्या परीक्षेला बसली नाही. "मला काही येत नाही, मी कशी बसू?" म्हणाली. घरच्यांनी आदळआपट केली, तरी ऐकलं नाही. तिच्या वर्गातल्या बाकीच्या एकेचाळीस जणी बसल्या आणि सगळ्या पहिल्या वर्गात पास झाल्या. आज त्या कुठल्या ना कुठल्या वॉर्डात कामाला आहेत. कुठल्या, ते बाईंना माहीत नाही. त्या आठवणीनं त्या आजही दचकतात.

प्रवेशाचे दिवस आले. कॉलेजच्या फाटकावर दर्जाचा मोठा फलक लागला आणि सकाळपासून रांग लागली. बाई फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहू लागल्या. वॉचमन ओळखीचाच, तो मान खाली घालायचा, पण हाकलायचा नाही.

त्या दिवशी एक माणूस मुलीला घेऊन आला. कामाचे कपडे, हातांना वंगण, सुट्टी टाकून आलेला. मुलगी नवी वही छातीशी धरून उभी. बाई पुढे झाल्या.

"दादा, एक मिनिट. आत जाऊन एवढंच विचारा, आजारी माणूस कुठे आहे ते दाखवा. खरा. एक तरी. मी इथं अकरा वर्षं शिकवलंय. इथं मुली काही शिकत नाहीत. माझं माणूस इथं गेलंय."

माणूस थबकला. त्यानं बाईंकडे नीट पाहिलं. भला होता, खेकसला नाही. मग त्यानं वर फलकाकडे पाहिलं, बोट ठेवून ती अक्षरं वाचली आणि सुटकेचा श्वास सोडला.

"पण ताई, दर्जा वरचा आहे ना यांचा? एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी तपासून दिलाय. ते काय खोटं असेल? आम्ही अडाणी माणसं. आम्ही दुसरं काय बघून मुलीला घालायचं, तुम्हीच सांगा."

बापानं मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं आत गेली. रस्त्याच्या वळणावरून आणखी एक जण मुलीला घेऊन येत होता. बाईंनी पदर सारखा केला आणि त्या पुढे झाल्या.